मांडलेला छळ

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक मथळा ठरलेला असतो: विवाहितेचा छळ, पतीसह पाच जणांवर गुन्हा. खालची बातमीही ठरलेलीच. माहेरून पैसे आणावेत म्हणून सासरच्या मंडळींनी शारीरिक व मानसिक छळ केला, फिर्यादीवरून गुन्हा दाखल, पुढील तपास चालू. 'विवाहिता' हा शब्द बोलताना कोणी वापरत नाही, आणि 'मंडळी' हा तर पंगतीला बोलावण्याचा शब्द. या मजकुरात घरातून आलेला शब्द एकच, तो म्हणजे छळ. पण तो इतक्या वेळा छापून झाला आहे की वाचकाची नजर आता त्यावर थबकत नाही.

प्रस्तुत संग्रह या एका शब्दाचा आणि त्याच्या गणगोताचा आहे: जाच, काच, सासुरवास, गांजणूक, हाल, जुलूम. तो मुख्यतः केला आहे तो दुसऱ्याचे म्हणणे कागदावर उतरवून घेणाऱ्यांसाठी. ठाण्यात फिर्याद लिहिणारे अंमलदार, समुपदेशन केंद्रातल्या कार्यकर्त्या, वकिलांच्या हाताखाली अर्ज लिहिणारे नवशिके. समोरची बाई तासभर बोलते आणि कागदावर 'शारीरिक व मानसिक छळ' एवढे चार शब्द उरतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना संग्रहाचे प्रयोजन वेगळे सांगायला नको. इतरांसाठी ही प्रस्तावना थोडी लांबवतो.

मुळात संस्कृत 'छल' म्हणजे कपट. हिंदीत आणि गुजरातीत तो अर्थ अजून टिकून आहे. हिंदी भाषकाला 'छल' ऐकून फसवणूक आठवते, मारहाण नाही. मराठीत ल चा ळ झाला आणि अर्थही सरकला. तो कसा सरकला असेल हे आपल्याच कथांतून दिसते. वामनाने बळीला छळले असे आपण म्हणतो, तिथे तीन पावले जमीन मागण्यातली लबाडी अभिप्रेत आहे. कलीने नळाला छळले म्हणतो, तिथे लबाडी आणि यातना दोन्ही आहेत. शनीने विक्रमाला छळले म्हणतो तेव्हा लबाडी जवळजवळ संपलेली असते आणि साडेसात वर्षांची वणवण उरते. कौरवसभेत तर दोन्ही अर्थ एका दिवसात, एका छताखाली घडले. गीतेच्या दहाव्या अध्यायात छल करणाऱ्यांमधले द्यूत म्हणजे मी, असे श्रीकृष्ण सांगतो. त्याच द्यूतात फाशांचे कपट आधी झाले आणि द्रौपदीची विटंबना नंतर.

न्यायशास्त्रातल्या छलाकडे मात्र कोशकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही, म्हणून इथे जरा थांबतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत छल हा वादातला एक खोटा डाव आहे. समोरच्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवायचा आणि त्या अर्थावर हल्ला करायचा. त्याचे तीन प्रकार: वाक्छल, सामान्यछल, उपचारछल. भाष्यातले उदाहरण कांबळ्याचे आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याच्याकडे नवे कांबळे आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! पंडितांच्या सभेत याने हशा पिकत असेल. हाच डाव घरात आणून पाहा. सून म्हणते, आज जरा पाठ दुखतेय. उत्तर येते, म्हणजे आम्ही तुला राबवतो असं म्हणायचंय का? ती म्हणते, आईचा फोन आला होता. उत्तर येते, इथल्या चुगल्या झाल्या वाटतं सांगून. काय बोलले तर उलटणार नाही याचा अंदाज तिला येत नाही आणि काही महिन्यांत ती बोलणे सोडते. मग ती घुमी आहे असे शेजारी सांगितले जाते. या संग्रहात 'शब्द फिरवणे', 'बोलण्यातून बोलणे काढणे', 'वाकड्यात शिरणे' असे जे प्रयोग आहेत ते सारे वाक्छलाचेच. 'मानसिक छळ' या दोन शब्दांत यातले काहीही दिसत नाही.

आता क्रियापदे. मारणे, ढकलणे, चटका देणे ही एका क्षणात होणारी कामे. छळ तसा होत नाही. छळ 'मांडतात'. मराठीत संसार मांडतात, पूजा मांडतात, डाव मांडतात, दुकान मांडतात. जिथे आधी योजना आहे, रचना आहे आणि पुष्कळ वेळ आहे तिथेच मांडणे येते. 'त्यांनी तिचा छळ मांडला' या वाक्यात ते रोजचे होते आणि ठरवून होते, या दोन्ही गोष्टी बोलणाऱ्याने सांगून टाकलेल्या असतात. एका थपडेला कोणी छळ म्हणत नाही. थप्पड त्याहून गंभीर गुन्हा ठरू शकेल, पण शब्द वेगळा. भोगणाऱ्याच्या बाजूची क्रियापदेही काळाचीच आहेत: सोसला, भोगला, काढला. 'सात वर्षं सासुरवास काढला' यातले काढणे दिवस काढण्यातले आहे. छळ या शब्दाचे माप जोर नाही, मुदत आहे, हे या संग्रहाच्या संपादनामागचे सूत्र आहे आणि मला ते पूर्ण पटते.

भोंडल्याच्या गाण्यांतली कारल्याच्या वेलाची गोष्ट याच सूत्राची आहे. सून माहेरी जायला परवानगी मागते. सासू नाही म्हणत नाही. आधी कारल्याचा वेल लाव म्हणते. वेल लावला की त्याला पान येऊ दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी कर, भांडी घास. मग मामंजींना विचार, ते दिरांना विचारायला सांगतात, दीर आणखी कुणाकडे बोट दाखवतात. इथवर कुठेही मारझोड नाही, शिवी नाही, नकारसुद्धा नाही. फक्त मुदत वाढत जाते. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुली हे खिदळत म्हणतात. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी या गाण्याचे कौतुक भरपूर केले आहे. त्यातल्या कामाच्या पद्धतीकडे कोणी पोलिसी नजरेने पाहावे असे मला फार दिवस वाटत आले आहे.

'सासुरवास' या नोंदीला संपादकांनी सर्वांत जास्त पाने दिली आहेत, ते योग्यच. हा शब्द फोडला तर त्यात क्रौर्याचा अंशही सापडत नाही. सासुर म्हणजे सासर, वास म्हणजे राहणे. सासरी राहणे, बस्स. 'माहेरवाशीण' म्हटले की ओटी, गोडधोड, दुपारची झोप आठवते. 'सासुरवाशीण' म्हटले की मान खाली घातलेली बाई. राहणे हाच ज्याचा शब्दार्थ, त्याचा रूढ अर्थ यातना व्हावा यासाठी किती पिढ्यांचा अनुभव एका दिशेचा असावा लागला असेल! वास लागलेले इतर शब्द आठवून पाहिले तर सोबत बरी दिसत नाही: वनवास, अज्ञातवास, कारावास, तुरुंगवास. जात्यावरच्या ओव्यांनी हे नाते आधीच ओळखले होते. सीतेच्या वाट्याला इतका सासुरवास आला की तिने तो देशोदेशीच्या सयांना वाटून दिला, अशी कल्पना त्या ओव्यांत येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मावळापासून खेडोपाडी हिंडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली, आणि त्यातला फार मोठा भाग सासर-माहेराचाच आहे. तेव्हा बायकांनी आपली कैफियत मांडली नाही असे कोणी म्हणू नये. पहाटेच्या अंधारात, घरघरीच्या आड, जिथे ऐकणारा पुरुष झोपलेला असे तिथे ती रोज मांडली जात होती.

याच्या नेमके उलट काम पुराणकथांनी केले, असे माझे मत आहे. संपादकांना ते थोडे टोकाचे वाटले, तरी लिहितो. हरिश्चंद्राला विश्वामित्राने छळले, त्याचे नाव सत्त्वपरीक्षा. श्रियाळ राजा आणि चांगुणा यांच्याकडे अतिथीने चिलया बाळाचे मांस मागितले, तीही सत्त्वपरीक्षा. शेवटी देव प्रसन्न होतो, मूल जिवंत होते, राज्य परत मिळते. छळणारा परीक्षक ठरतो आणि छळ सोसणारा उत्तीर्ण. ही कथा ऐकत वाढलेल्या घरात 'सोस, तुझं चांगलं होईल' हा सल्ला आईच देते, आणि तो देताना तिला आपण काही वाईट करतो आहोत असे वाटत नाही. सोसणे ही कामगिरी झाली की सोसायला लावणाऱ्याला जाब विचारण्याचे कारणच उरत नाही. संग्रहात 'सोशिक' हा शब्द गुणवाचक म्हणून नोंदला आहे. मी असतो तर त्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाकले असते.

कायद्यात हे सारे फार उशिरा आले. १९८२ च्या सुमारास पुण्यात तरुण विवाहितांचे संशयास्पद मृत्यू गाजले, विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या एकीच्या नावावरून 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरवले आणि त्यातून नारी समता मंच उभा राहिला. आपल्या घरातली गोष्ट बाहेर सांगायला बायका त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने पुढे आल्या. देशभर हुंडाबळींविरुद्ध आंदोलने चालूच होती. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ घालण्यात आले. पुढल्याच वर्षी, १९८४ मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४ ब आले. आता १ जुलै २०२४ पासून ४९८ अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ ने घेतली आहे; शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गावोगावी मात्र 'चारशे अठ्ठ्याण्णव टाकली' हाच प्रयोग चालू आहे आणि बराच काळ चालू राहील. आकड्याचे नाम झाले की ते सहसा मरत नाही.

या कलमातला शब्द क्रूरता आहे. व्याख्या दोन भागांची. एक, स्त्रीला आत्महत्येला प्रवृत्त करील किंवा तिच्या जिवाला, अवयवाला, शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर अपाय करील असे हेतुपुरस्सर वर्तन. दोन, मालमत्तेची बेकायदा मागणी तिने किंवा तिच्या नातेवाइकांनी पुरी करावी म्हणून तिचा छळ. म्हणजे पैसे मागितले नसतील तर पहिल्या भागाची पातळी गाठावी लागते, आणि ती पातळी उंच आहे. माझ्या समजुतीप्रमाणे फिर्यादींत 'माहेरून पैसे आण' हे वाक्य जवळजवळ न चुकता येते त्याचे एक कारण हे आहे. पुष्कळदा ते खरेच असते. पण जिथे पैशांचा प्रश्नच नव्हता तिथेही लिहिणारा ते घालतो, कारण त्याशिवाय अर्ज उभा राहणार नाही असे त्याला वाटते. मग उलटतपासणीत तेवढे एक वाक्य खोटे पडते आणि त्याच्याबरोबर बाकीची खरी वाक्येही पडतात.

२०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या एका जुन्या प्रकरणात निकाल दिला. सुनेने आत्महत्या केली होती. खालच्या न्यायालयाने २००४ मध्ये नवऱ्याला आणि घरच्यांना दोषी धरले होते. आरोप असे होते: तिला टीव्ही बघू देत नसत, शेजाऱ्यांकडे जाऊ देत नसत, एकटीला देवळात जाऊ देत नसत, सतरंजीवर झोपायला लावत, स्वयंपाकावरून टोमणे मारत, आणि रात्री-अपरात्री पाणी भरायला लावत. उच्च न्यायालयाने म्हटले की यातली कृत्ये कलमाला लागणाऱ्या तीव्रतेची नाहीत. गावात पाणी मध्यरात्रीच्या सुमारास येते आणि सगळीच घरे तेव्हा भरतात हेही साक्षींतून पुढे आले होते. आरोपी सुटले.

निकाल कायद्याच्या चौकटीत समजण्यासारखा आहे. फौजदारी शिक्षेला कडक पुरावा हवा आणि मृत्यूच्या आधीच्या दिवसांत नेमके काय घडले ते न्यायालयापुढे आले नाही. पण ती यादी कोणत्याही मराठी बाईला वाचून दाखवा. ती एका शब्दात सांगेल: सासुरवास. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ आहे. टीव्ही न बघितल्याने कोणी मरत नाही, सतरंजीवर अर्धा महाराष्ट्र झोपतो. एकत्र घेतल्या की दार, शेजार, देऊळ, करमणूक, झोप अशा एकेक वाटा बंद होत गेलेल्या दिसतात. पाण्याचेच घ्या. रात्री पाणी सगळ्या गावाला येते हे मान्य. त्या घरातून ते भरायला कोण उठत होते, रोज तीच उठत होती की पाळी होती, ती आजारी असताना कोण उठले, हे प्रश्न सासुरवास हा शब्द आपोआप विचारतो. क्रूरता हा शब्द विचारत नाही. त्याला तीव्रता मोजायची असते.

सर्वोच्च न्यायालयाने गेल्या दीड दशकात अनेकदा बजावले आहे की नवऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांना मोघम आरोपांखाली गोवू नये; २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून अटकेवरही अंकुश आला. या निकालांवर स्त्रीसंघटनांची नाराजी आहे आणि तिला कारणेही आहेत. परंतु 'मोघम' या एका शब्दाबाबत न्यायालयांशी माझे भांडण नाही. फिर्याद मोघम होते ती बाई मोघम बोलते म्हणून नव्हे. ती सांगते, 'दूध फक्त पोराला, मला चहासुद्धा काळा. साखरेचा डबा सासूबाईंच्या खोलीत.' ती सांगते, 'दिवाळीला भाऊ न्यायला आला, त्याला ओट्यावरनंच परत लावला.' ती सांगते, 'फोन रात्री उशाखाली घेऊन झोपायचे.' यात जागा आहे, वस्तू आहे, माणूस आहे, सण आहे म्हणजे तारीखही आहे. लिहिणारा याचे 'उपाशी ठेवून मानसिक छळ केला' असे शुद्ध मराठी करतो. मोघमपणा तिथे तयार होतो. संग्रहाच्या दुसऱ्या भागात बोलीतले प्रयोग मूळ रूपात दिले आहेत ते याचसाठी: घालूनपाडून बोलणे, पाण्यात पाहणे, माहेर काढणे, उष्ट्याखरकट्यावर ठेवणे, अबोला धरणे. फिर्यादीत हे शब्द अशुद्ध दिसतील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. जबाब सांगणाऱ्याच्या भाषेत लिहावा ही अपेक्षा जुनीच आहे.

तपशिलाने किती काम होते हे पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडावी. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले होते; मीठ, गूळ, साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली होती. त्यात घर कसे भरडून निघाले ते लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. वडील दुष्ट नव्हते. इथे आपल्या सूत्राला एक गाठ बसते: ठरवून मांडलेला नसूनही तो छळच होता. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत लिहिणे-वाचणे शिकल्याबद्दल घरातल्या बायकांनी धरलेला दुरावा आणि टोमणे आहेत, तिथे हेतू स्पष्ट आहे, पण त्या बायकांच्या दृष्टीने त्या घराची रीत राखत होत्या. संपादकांनी 'हेतू' हा रकाना ठेवला होता आणि नंतर तो काढून टाकला. बरे केले.

गणगोतातल्या बाकीच्या शब्दांविषयी थोडक्यात. 'जाच' घरातून निघून कचेरीत गेला. आज 'जाचक' हे विशेषण बहुतेक अटींनाच लागते आणि मोर्च्याच्या फलकावर राहते. 'काच' अजून दोरीशी इमान राखून आहे, त्यामुळे तो अंगावर वळ दिसल्यासारखा ऐकू येतो. 'हाल' अरबीत नुसती अवस्था, 'त्रास' संस्कृतात भीती. मराठीत दोघांनाही वाईट दिवस आले. 'जुलूम' सहसा सत्तेचा असतो, घरातल्या जुलमाला आपण लाडाने हुकूमशाही म्हणतो. 'अत्याचार' वर्तमानपत्रांनी बलात्काराचा उच्चार टाळण्यासाठी इतका वापरला की त्याचा मूळ विस्तार आटला. जातीवरून झालेल्या अत्याचाराला १९८९ च्या कायद्यानंतर लोक 'अॅट्रॉसिटी' म्हणू लागले. तिथेही आकड्यासारखाच, कायदाच शब्द झाला. आणि स्वतः 'छळ' एकीकडे नाझींच्या छळछावण्यांपर्यंत जाऊन पोहोचला, दुसरीकडे 'दाढेनं छळलंय' आणि 'किती छळशील रे' म्हणत घरातच राहिला. आईच्या तोंडचा तो दुसरा प्रयोग संग्रहात हवा की नको यावर वाद झाला होता. तो ठेवला आहे, कारण छळणारेही हेच वाक्य ढालीसारखे वापरतात: अहो, आम्ही गमतीनं म्हणत होतो.

उणिवा आहेत. वृद्धांच्या छळाच्या नोंदी फार कमी आहेत. आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. अर्ज होतात, पण त्यांत पोटगीचा आकडा असतो आणि वागणुकीचे वर्णन दोन ओळींत आटोपलेले असते. मुलाविरुद्ध बोलायला मराठीत शब्द कमी आहेत असे नाही, आई-बाप ते वापरत नाहीत. पुरुषांनी सांगितलेल्या छळाच्या नोंदी त्याहून कमी, आणि ज्या आहेत त्यांत बहुतेक ठिकाणी 'त्रास' हाच शब्द आहे.

शेवटचा विभाग लैंगिक छळाचा, आणि तो वेगळा का काढला ते सांगणे भाग आहे. कामाच्या ठिकाणांसाठीच्या २०१३ च्या कायद्याच्या मराठी नावात 'लैंगिक छळ' हे शब्द आहेत, त्याआधी अशा प्रकारांना 'छेडछाड' म्हणून हसण्यावारी नेले जात असे. तेव्हा हा शब्द मिळाला हे चांगलेच झाले. पण कामाच्या ठिकाणचा असा छळ एका प्रसंगातही पुरा होऊ शकतो. छळाला मुदत लागते हे वर मांडलेले सूत्र इथे लागू पडत नाही, आणि ते ओढूनताणून लावण्यात अर्थ नाही. ज्या कार्यकर्त्या हा विभाग वापरतील त्यांनी कायद्यातली मुदतीची तरतूद लक्षात ठेवावी: घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची, आणि घटनांची मालिका असेल तर ते तीन महिने शेवटच्या घटनेपासून मोजायचे. समितीला सबळ कारण दिसले तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. अर्जात म्हणून पहिल्या प्रसंगाइतकीच शेवटच्या प्रसंगाची तारीखही लिहून घ्यावी.